डबीतल्या गोळ्या

महाडच्या दवाखान्यात माझ्या शेजारी कापडे गावची चिमाबाई बसली होती आणि तिच्या नवऱ्याचा शिकारीतला जोडीदार, म्हातारा आबाजी. रानडुकरानं फाडलेला नवरा आत बेशुद्ध होता.

"काका, बार तर केवढा झाला. मला वाटलं, डुकर पडला."

"आवाजानं डुकर पडत नाय गो."

"लागला नाय त्याला?"

"लागला. पण बंदुकीत छर्रे होते, सशाला मारायचे. डुकराच्या खांद्याची चामडी जाड, छर्रे तिथंच अडकतात. शिशाची एकच गोळी असती, तर हाड फोडून आत गेली असती. जाग्यावर बसला असता."

"आणि छर्रे लागले की?"

"चिडतो. सरळ अंगावर येतो."

"मग तुम्ही ह्यांना अडवलं का नाय?"

"अडवला गो. डबीत गोळ्या नायत म्हणाला. मी म्हटलं, मग आज नको. तर म्हणतो, डुकर भात खातोय, छर्रेच भरतो."

"मला वाटलं, गोळ्या नसल्या की हे जायचे नायत."

चिमाबाईनं पदराची गाठ सोडली. आत शिशाच्या गोळ्या होत्या.

"बांध ती गाठ. त्यानं विचारलंन तर सांग, उंदरांनी नेल्या."

"विचारतील ना हो, काका?"