दाताने तोडलेला दोरा

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या एका ड्रायव्हरच्या पाठीमागे एक म्हातारे शिंपी आणि त्यांची बायको बसले होते. तिचे दात आत्ताच तपासून झाले होते.

“रोज कुणाच्या ना कुणाच्या शर्टावर लाल ठिपका. विचारलं की म्हणायचीस, सुई टोचली.”

“टोचते की.”

“अंगुस्तानाची टोपी घातलेल्या बोटाला? दोरा दाताने तोडतेस, तेव्हा लागतं ते रक्त.”

“हिरडीतून जरासं रक्त आलं, त्याचा एवढा बाऊ?”

“जरासं? अजून थांबली असतीस तर दात हलायला लागले असते, म्हणाल्या डॉक्टर.”

“दुखत नव्हतं हो. रक्त येतं म्हणून तिथे ब्रशच लावत नव्हते.”

“तिथेच तर कीटण साचलं. आता साफ करून देतील. मग दोन्ही वेळा हलक्या हाताने घासायचं. आणि दाताने दोरा तोडणं बंद.”

“जन्माची सवय आहे.”

“माझं पहिलं बटण लावलंस तेव्हा शर्ट अंगातच होता. दोरा तोडायला छातीशी वाकलीस.”

“तुम्ही आपले श्वास रोखून उभे. नंतर मेली बटणं तुटायचीच फार.”

ड्रायव्हरचा नंबर आला. मागचं बोलणं ऐकायला त्याने शेजारच्याला पुढे पाठवलं.

“तुटत नव्हती. मीच ब्लेडने काढायचो.”

“माहीत होतं. कापलेला दोरा मला ओळखू येत नाही होय?”

“आणि कधी बोलली नाहीस?”

“बोलले असते तर काढली असतीत का? चला, बोलावतायत. उद्यापासून कात्रीने कापेन.”

“काप. पण वाकायचं मात्र तसंच.”