भुवईबाई जेवते कधी?

…नाही, बाकीचं सगळं राहू द्या, मला फक्त एवढंच सांगा, ही भुवईबाई जेवते कधी?

हसताय काय? मी खरंच विचारतोय. सव्वा वर्ष रोज दुपारी दोनच्या ठोक्याला मी ती मालिका बघितली आणि या बाईला एकदाही घास तोंडात घालताना बघितलेलं नाही. भुवईबाई म्हणजे मालिकेतली दुष्ट थोरली जाऊ. तिचं खरं नाव काहीतरी लांबलचक आहे, पण मनात काही वाईट आलं की तिची डावी भुवई वर जाते, म्हणून आमच्या घरात ती भुवईबाई. आणि वाईट तर तिच्या मनात सारखंच येतं, त्यामुळे ती भुवई खाली आलेलीही मी बघितली नाही! सकाळी दुधात विष, दुपारी धाकट्या जावेच्या कपाटात चोरीचे दागिने, संध्याकाळी जिन्यावर तेल… बरं, तेल ओतते तेही भरजरी कपडे घालून, अंगावर एक थेंब नाही! डबा कुठून आणला, परत कुठे ठेवला, हात कशाला पुसले… विचारायचं नाही. घरात सतरा माणसं आणि जिन्यावर नेमकं त्या वेळी चिटपाखरू नाही. आमच्या घरात चार माणसं, तर न्हाणीघराला रांग असते!

आता मी काही बोलका माणूस नाही. शिक्षण चौथीपर्यंत, पुढे चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली, किल्ल्या बनवल्या. कुलपाशी बोलावं लागत नाही, त्याला कान लावावा लागतो. बोलण्याचं खातं आमच्या हिच्याकडे. दुकानात माझ्या शेजारीच बसायची ती. गिऱ्हाईक किल्ली हरवून आलं, की कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काळी करायची, कुलपात घालून जरा पिळायची, बाहेर काढून बघायचं काजळी कुठे घासली गेलीय… तिथे कानस मारायची. परत काळी करायची, परत घालायची. कानस मारायचो मी, पण बघायची ती. नजर तिची! 'अहो, तिथे नाही. जरा अलीकडे. अहो, थांबा. पुरे.' दिवसातून दोनशे वेळा अहो! माझं नाव काय होतं ते मीच विसरून गेलो होतो.

आणि मग दीड वर्षापूर्वी ती आजारी पडली. डोक्यात रक्ताची गुठळी. हात सुधारला, पाय सुधारला, घरात फिरायला लागली, पण बोलणं गेलं ते गेलंच. आठ महिने एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, ते आधी घसा साफ करतात आणि मग बोलतात, 'अं हं… आजोबा, शब्द आत आहेत. दार अडकलंय. जबरदस्ती करू नका. त्यांना आपणहून बोलावंसं वाटलं पाहिजे.' मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, दार अडकलं की लोक मलाच बोलावतात… पण या दाराला किल्लीचं भोकच कुठे दिसत नाही हो मला.

तर सूनबाईने दुपारी टीव्ही लावायला सुरुवात केली. 'बाबा, आईंच्या कानावर जरा बोलणं पडू दे.' म्हटलं पडू दे. आम्ही दोघं पलंगावर आणि शेजारचे कंपाउंडर खुर्चीत. कंपाउंडर म्हणजे बत्तीस वर्षं दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधलेला माणूस, त्यांना बाकी काहीही चालतं, पण विषात चूक चालत नाही. भुवईबाईने दुधात निळी बाटली उपडी केली की हे खुर्चीतून उभे! 'अर्धी बाटली? कुलूपवाले, अर्धी? एवढ्यात बैल आडवा होईल! आणि लेबल बघा लेबल, विष! मोठ्या अक्षरात! बत्तीस वर्षांत डॉक्टरांचं एक अक्षर मला धड लागलं नाही आणि हिला विष छापील मिळतं!'

बरं, एवढं करून ते दूध कुणी पितं का? धाकटी जाऊ पेला ओठाशी नेते… नेते… तीन दिवस नेते! शुक्रवारी उचललेला पेला सोमवारी अजून ओठाशीच. दूध एव्हाना आपोआप नासलं असेल, विषाची गरजच काय? मग पेला पडतो, मांजर येतं, धाकटी वाचते, भुवईबाई एकटीच खोलीत जाऊन मोठ्याने सांगते, 'आज वाचलीस, पण उद्या मी तुझ्या सासऱ्याचा अंगठा घेणार!' खिडकी उघडी! दार उघडं! आणि घरातल्या सतरा माणसांपैकी एकालाही ऐकू येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी खरंच तिने झोपलेल्या सासऱ्याचा अंगठा शाईत बुडवून कागदावर उमटवला. सासरा उठला, चहा प्यायला, अंगठा निळाशार, आणि म्हणतो कसा, 'या घरात काय चाललंय मला काही कळत नाही.' कसं कळेल बाबा? तोंड कुठल्या हाताने धुतलंस?

मी आपला विचार करत बसायचो. एवढं सगळं एकटी करते, मदतीला कुणी नाही, सुट्टी नाही… जेवते कधी ही बाई?

आणि मग तो तिजोरीचा दिवस आला.

माणसाएवढी पोलादी तिजोरी. भुवईबाई तिच्यासमोर उभी. भुवई वर. आणि तिने केसांतून पिन काढली. पिन! घातली, डोळे मिटले, खट्… उघडली! तुम्हाला सांगतो, तसल्या तिजोरीच्या कुलपात सात पट्ट्या असतात, सातही एकाच वेळी बरोब्बर हव्या तेवढ्याच उचलल्या जाव्या लागतात, एक केसभर जास्त उचलली तरी कुलूप ढिम्म हलत नाही, तिची किल्ली करायला मला दीड दिवस लागायचा… आणि इथे केसांतली पिन! मी तोंड उघडलं, तेवढ्यात आवाज आला.

'खोटं.'

मी कंपाउंडरांकडे बघितलं. कंपाउंडरांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघंही बोललो नव्हतो.

ही टीव्हीकडे बोट दाखवत होती. 'खोटं,' ती परत म्हणाली. 'पिन… खोटं.'

सूनबाई हातातली कढई तशीच घेऊन धावत आली. कंपाउंडर उपरण्याने डोळे पुसायला लागले. आणि मी? मी टीव्हीचा आवाज वाढवला. दुसरं काय सुचणार मला?

झालं! त्या दिवसापासून मी भुवईबाईचा वकील. ती काहीही करो, आपण म्हणायचं वा! ती दरीत पडून आठवड्याने परत आली, केसांचा भांगही न मोडता, मी म्हटलं, 'बरोबर आहे, खाली गवत असेल.' ही म्हणाली, 'खोटारडी!' ती परिचारिका बनून दवाखान्यात घुसली, तोंडाला फडकं, वर ती भुवई तशीच टांगलेली, आणि सख्ख्या नवऱ्याने ओळखलं नाही. मी म्हटलं, 'कसं ओळखणार बिचारा?' ही म्हणाली, 'भुवई! आंधळा… आहे का?' चार शब्द! सूनबाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली, हळूच विचारते, 'बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना? तुम्ही त्या बाईची बाजू घेता?' मी म्हटलं, घेतो. तू पण घे.

पण एक सल होता. आता तुमच्यापासून काय लपवायचं? ही बोलायची ते सगळं त्या भुवईबाईशी. खोटं, खोटारडी, चोरटी, लाज नाही… सगळे शब्द तिला! मी शेजारी बसलेलो, माझ्या वाट्याला एक नाही. मला काही भाषण नको होतं. मला एक 'अहो' हवा होता. एकच.

आणि अशात कंपाउंडर बातमी घेऊन आले. चेहरा असा, की मला वाटलं कुणी गेलं. 'कुलूपवाले, मालिका संपतेय. शुक्रवारी भुवईबाईला अटक. सोमवारपासून दोन वाजता स्वयंपाकाचा कार्यक्रम.'

स्वयंपाकाचा! त्यात काय खोटं सापडणार? दोन चिमूट मीठ जास्त घातलं म्हणून अडकलेलं दार उघडतं का कुणाचं? जन्मभर चोरांच्या विरुद्ध कुलपं लावली मी, आणि त्या आठवड्यात रोज हात जोडून काय मागत होतो? की देवा, या बाईला पळून जाऊ दे! शुक्रवारी पोलीस आले. तिच्या हातात बेड्या पडल्या. मी नीट बघितलं, बेड्यांचं कुलूप अगदी साधं, पोरखेळ. आणि पिन? केसांत तशीच! मी मोठ्याने ओरडलो, 'आता काढ की ती पिन!' नाही काढली. तिजोरीच्या वेळी बरी सुचली होती! गाडीत बसली, गेली. मनात आलं, चला, तिकडे निदान दोन वेळचं ताट तरी मिळेल तिला.

सोमवारी दोन वाजता एक गोरागोमटा गृहस्थ कांदा चिरत होता. ही बघत होती. मी म्हटलं, 'वा, किती बारीक चिरतो!' काही नाही. मंगळवारी भोपळा. काही नाही. बुधवारी तिने भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले, आणि मला ते आठ महिने आठवले… कंपाउंडरही लवकर उठून घरी गेले.

गुरुवारी मी ठरवलं. टीव्ही लावलाच नाही. हिच्या फणीच्या डब्यातून एक पिन उचलली आणि हिच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिलो. भुवई वर करून बघितली. एक जात नाही माझी, दोन्ही जातात. मग म्हटलं, 'हा हा हा.' जरा हळूच म्हटलं, सवय नाही ना! 'आता मी या कपाटातल्या तुझ्या सगळ्या गोळ्या पळवणार, आणि कुणाला कळणार नाही!' कंपाउंडर खुर्चीत आ वासून बघताहेत. ही मान वळवून बघतेय. मी पिन कुलपात घातली, डोळे मिटले, पिळली…

कट्.

मोडली! अर्धी माझ्या हातात, अर्धी कुलपात. जन्मात असलं काम केलं नव्हतं मी. नवशिक्याही करत नाही! आता खरी किल्लीही आत जाईना, आणि गोळ्या खरंच आत, त्यांतली एक तीन वाजता द्यायची. कंपाउंडर ओरडले, 'कुलूपवाले, गोळी चुकवून चालणार नाही!' मी घाबरून जुना चिमटा काढला, खाली बसलो, कुलपात टोक घातलं, काही दिसत नाही…

आणि मानेमागून आवाज आला.

'अहो!'

मी हललो नाही. म्हटलं, हललो तर जाईल.

'अहो… काय हे! पिन… कुलपात? तुम्ही?' ती पलंगावरून उठून येऊन माझ्या शेजारी टेकली, भोकाला डोळा लावला. 'तिथे नाही. जरा… अलीकडे. अहो, अलीकडे! हां. थांबा. ओढा.'

ओढली. पिनेचा तुकडा बाहेर आला. तीनला पाच कमी होते. कंपाउंडरांनी गोळी दिली, मी पाणी दिलं, आणि तुम्हाला सांगतो, तो पिनेचा तुकडा अजून माझ्या खिशात आहे.

डॉक्टरांना सांगितलं. घसा साफ करून म्हणाले, 'अं हं… आजोबा, उत्तम! हेच रोज चालू ठेवा.'

रोज! त्यांचं काय जातं म्हणायला? काल मी कंपाउंडरांचा चष्मा पळवला, ही दोन मिनिटांत म्हणाली, 'अहो, खिशात दिसतोय!' परवा पडद्यामागे लपलो, तर, 'अहो, पाय!' आणि आता तर काय, कारस्थान कच्चं असलं की ती पसंतच करत नाही. 'हे… जुनं झालं. नवीन काढा.' नवीन काढा! मी चौथी शिकलेला माणूस, नवीन कुठून काढू? सकाळी उठल्यापासून तेच डोक्यात. कुठे लपू, काय पळवू, कुणाला सामील करून घेऊ… सूनबाई बारा वाजता ताट वाढते, एकदा हाक मारते, दोनदा मारते, मी आपला जिन्यापाशी उभा, हातात तेलाची वाटी, विचार करतोय, आणि बघता बघता दोन वाजतात!

तेव्हा ते भुवईबाईचं मला आता कळलं. ती जेवत नाही. ताट गार होतं तिचं.