बुशात कुंकू नको

मंडळी, आज बोलणं जड जातं आहे. बसणं त्याहून जड गेलं. संयोजकांनी मला दिलेली ही खुर्ची श्वास घेतला तरी कुरकुरते. राजूरहून आलेले पाहुणे वामनरावांची स्तुती करत होते, तेव्हा त्यांच्या प्रत्येक वाक्याला माझ्याकडून हरकत नोंदवली गेली. वामनराव असते तर त्यांनी भाषण थांबवून आधी खुर्ची उलटी केली असती.

कापसातून सरकी काढणाऱ्या आपल्या जिनाचे इंजिनिअर वामनराव सोमवारी गेले. ते गोड स्वभावाचे होते असं कुणी म्हणू नये. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, समोर बसल्या आहेत. त्यांना हसू येईल.

पण त्यांनी जिनातलं तेल बंद केलं. कशासाठी? तेलाला रुईचे तंतू चिकटतात. दांडा ज्यात फिरतो तो पितळी बुश तापतो. आणि भोवती सगळा कापूस! म्हणून बुशाला आतून ग्राफाईट. एक पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, फलाटीच्या मऊ फडक्यानं घासून चकाकवायचा, मग पुढचा हात.

मी म्हणालो, "एकदाच जाड लावा की!"

"जाड थराचे पापुद्रे निघतात. तुमच्या लेखांसारखे."

संध्याकाळी आम्ही पत्ते खेळायचो. एकदा सगळा जोड टेबलावर सरकवून म्हणाले, "पाहा, ग्राफाईट आतून असंच. पान पानावरून घसरतं. मध्ये खडा आला की संपलं."

खडा आला. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीच्या दसऱ्याला. यंत्रं सांभाळणाऱ्या आपल्या तुकारामनं पूजेत प्रत्येक बुशात तेल घातलं, वर हळदकुंकू. अगदी भक्तिभावानं. हंगाम लागला, थर खरवडून गेला, बुश तापला, रुई धुमसली. कामावरच्या बाया तोंडाला पदर लावून बाहेर धावल्या. सगळ्या वाचल्या.

वामनरावांनी तुकारामला धरलं, "काहून टाकलं रे तेल?"

"साहेब, दसऱ्याले देव कोरडा ठेवू काय?"

"देवाले टिळा चौकटीवर लाव. नारळ फोड. बुशात बोट घालशीन तं तुलेच ओवाळीन!"

तेव्हापासून दर दसऱ्याला ते स्वतः यंत्रापाशी पहारा देत. यंदा छातीत दुखत होतं. म्हणून शेवटचा डाव त्यावरच लावला: हरेल त्यानं पूजेला जिनात उभं राहायचं. मी हरलो. म्हणालो, मला धूप सोसत नाही.

म्हणाले, "वर्षातून एक दिवस उपयोगी पडायला काय होतं तुम्हाला?"

परवा दसरा आहे. वहिनी, त्यांची फलाटी मला द्याल? पूजेआधी मी जिनात येतो. तुकाराम, टिळा चौकटीवर.

आता सगळे उठू या आणि थोडा वेळ गप्प राहू या. तेवढा वेळ ही खुर्ची मात्र कुणी हलवू नका.