बदलून दिलेली शिडी

…नाही हो वकीलसाहेब, मोडकी कुठली असणार — ही नवी आहे, बघा ना, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही — कंपनीनं बदलून दिली. कधी म्हणजे? हे हॉस्पिटलातून घरी आले, त्याच आठवड्यात. कंपनीचा माणूस आला, बूट दाराबाहेर काढून आत आला हो, इतका सज्जन. तुटलेल्या पायरीच्या जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "वहिनी, पीस डिफेक्टिव्ह आहे." म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणे, "बनवतानाच खोट राहिलेली. वापरणाऱ्याची चूक नाही." — आता तुम्हीच सांगा, मला काय वाटलं असेल? अख्खी गल्ली म्हणत होती, रंगारी पिऊन चढला असणार. सख्खा दीर म्हणाला, दादाचाच तोल गेला असेल. जन्मात थेंबाला न शिवलेला माणूस, कमरेखाली लाकूड होऊन पडलाय, आणि वर हा बट्टा! मी तो शब्द घोकला. डिफेक्टिव्ह, डिफेक्टिव्ह. नळावर सांगितला, दिराला तर मुद्दाम घरी जाऊन सांगितला. ह्यांना सांगितला, तेव्हा हे पहिल्यांदा रडले — बरं वाटून रडले हो.

मग काय, जुनी टेम्पोत टाकली त्यानं. एका बाजूनं मीच धरली. डिफेक्टिव्ह वस्तू परतच द्यायची असते ना — मिक्सर नाही का देत आपण? चहा पाजला त्याला. फोटो? फोटो कशाला काढू? लिहून कुठं काय दिलं, तोंडीच सगळं… आणि आता कंपनी म्हणते, शिडी ठणठणीत होती? म्हणजे चूक ह्यांचीच? अहो, पण त्यानंच तर — तुम्ही कागद का आवरताय? ते तुकडे आता… वितळवलेसुद्धा असतील, नाही? आणि मी हातभार लावला. हसत हसत लावला.

हळू बोला. दार लोटलंय, पण ऐकू येतं त्यांना, कान चांगले धड आहेत त्यांचे. केस उभी राहत नाही, कळलं मला. बॅग नका बंद करू, थांबा — जाताना आत डोकावून एवढंच म्हणा, शिडी डिफेक्टिव्हच होती. वकील म्हणतोय म्हटल्यावर त्यांना —

पुराव्याशिवाय बोलता येत नाही तुम्हाला? तो कंपनीचा माणूस बरा बोलला.

असू दे. या तुम्ही. दार ओढून घ्या.