कडीखालचा गडी

खेळाडूंचा विषय तुम्हीच काढलात, म्हणून सांगतो. निजामशाही गेल्यावर उस्मानाबादच्या ज्या शाळेत मी मास्तर होतो, तिथं बास्केटबॉल आला. कडीखाली धक्के खात चेंडू काढणारा गडी म्हणजे संघाचा कणा. माझा मुलगा वसंता मॅट्रिकपर्यंत कडीखालीच खेळला. त्याच साली विषमज्वरानं गेला. सुतक फिटल्यावर मी पहिल्यांदा हॉटेलात चहाला गेलो, तर वाद पेटलेला: आजवरचा सर्वांत भारी कडीखालचा गडी कोण?

"लोहाऱ्याचा शिवा! हत्ती हाय हत्ती," दत्तोबा म्हणाले.

"म्हणूनच उडी मारता येत न्हाय त्याला. वाशीचा रहीम बघा!" करीमभाई म्हणाले.

वसंताचं नाव कुणीतरी घेईल म्हणून मी वाट पाहत होतो. हॉटेलवाल्यानं घेतलं. "अन् गुरुजींचा वसंता?"

"गप की रं!" दत्तोबा त्याच्यावर खेकसले. "त्यांच्यासमोर?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. करीमभाई हळूच म्हणाले, "माफ करा त्याला, गुरुजी. चहा घ्या."

कुणी वर बघेना. शेवटी मीच म्हणालो, "रहीमच भारी."

तेव्हा कुठं सगळ्यांच्या जिवात जीव आला.