करंजखोलची पाटी

मंडळी, एक विचारू? रागवायचं नाही हं. जे तुम्हाला सगळ्यात जास्त हवंय — अगदी पोटातून हवंय — ते तुम्ही कधी मोठ्यानं मागितलंय का?

देवाकडं नव्हे हो! देवाकडं सगळेच मागतात, कारण तो उलट बोलत नाही! माणसाकडं. देणं ज्याच्या हातात आहे, त्याच्या समोर उभं राहून.

नाही ना? बघा, पुढची रांग लगेच खाली बघायला लागली! आणि खांबाच्या पलीकडं बसलेल्या काकू-मावश्या, तुमच्यापर्यंत तर पंख्याचा वारासुद्धा पोचत नाही, माझा प्रश्न काय पोचणार! पण पोचवते. कीर्तनाला उभी राहिलेय, घसा आहे माझ्याकडं. आमच्या शाळेतल्या बाई म्हणतात, तुला माईक द्यायचा म्हणजे माईकचीच काळजी वाटते!

तर — माणूस मागत का नाही? लाजतो म्हणून? की त्याला न मागायला शिकवलेलं असतं? मृदंगवाले दादा, थाप जरा हळू. गोष्ट हळवी आहे.

डोंगराखाली एक तालुक्याचं गाव. तिथं गाड्यांचा डेपो. नाव सांगणार नाही — मला अजून पास काढून शाळेत जायचंय!

त्या डेपोत संजीवनी नावाची कंडक्टर. नवरा देवाघरी गेलेला. एक लेक — जाई. अजून दुधाचे दात पडायचेत, एवढीशी. आता संजीवनीची ड्युटी पहाटे सुरू व्हायची, दिवेलागणीला संपायची. तालुक्याला भाड्याची खोली. पोरीला सांभाळणार कोण? म्हणून जाई डोंगरातल्या करंजखोलला, थोरल्या जावेकडं. जाऊ चांगली होती हो. आपल्या पोरांत एक ताट तिचं मांडायची. पण आईची जागा ताटाएवढी असते का?

तुम्ही म्हणाल, सुट्टीला जायची असेल की! जायची — सुट्टी मिळाली तर! आज जत्रा आहे, रद्द. उद्या लग्नाची दाट तीथ, रद्द. जगाला माहेरी पोचवायचं, म्हणून हिनं घरी जायचं नाही!

आणि गंमत ऐका. त्याच डेपोतून रोज संध्याकाळी एक गाडी करंजखोलला जायची. मुक्कामी गाडी. म्हणजे संध्याकाळी गावात पोचायची, रात्री तिथंच थांबायची, सकाळी गावकऱ्यांना घेऊन परत. हिनं नुसतं बसून जावं म्हटलं, तर ती परत यायच्या आत हिची पहाटेची गाडी सुटलेली! ती ड्युटी हिला मिळाली असती तर? रोज रात्री लेक कुशीत!

मग मागायची ना! — कोण म्हणालं ते? आजोबा, तुम्ही? थांबा, तिथंच तर पाणी मुरतंय!

त्या डेपोत ड्युट्या लावायचे नाईकनवरेसाहेब. माणूस वाईट नव्हता. घरी तुळशीला पाणी घालायचा. पण खुर्चीत बसला की त्याला एकच कळायचं — कुणाला काय हवंय! आणि ते कळलं, की तेवढंच सोडून बाकी सगळं द्यायचा! त्यामुळं डेपोत सगळे एक शिकले होते. हवं ते बोलायचं नाही. आवडती ड्युटी मिळाली तरी तोंड वाकडं करायचं. नावडती मिळाली की हसायचं. सगळा डेपो असा उलटा हसत-रडत होता, मंडळी!

आणि मुक्कामी गाडी म्हणजे तर शिक्षा. डास, पत्र्याची शेड, अंगावर येणारा गारठा. जो उलट बोलेल, तो मुक्कामी! संजीवनी तर कधी उलट बोललीच नव्हती. मान खाली घालून काम. म्हणून तिला काय? बक्षीस! जिल्ह्याची दिवसाची गाडी, डांबरी रस्ता, संध्याकाळी मोकळी.

नाईकनवरेसाहेब सगळ्यांदेखत म्हणायचे, "संजीवनीताईंकडं बघा जरा! तोंडातून शब्द नाही. असं राहावं माणसानं!"

आणि मागं पोरं कुजबुजायची, "साहेबांची लाडकी!"

लाडकी! ती लाडकी संध्याकाळी फलाटावर उभी राहायची. समोर तिच्या गावची गाडी. पुढच्या काचेत पाटी — करंजखोल. ती पाटी ती वाचायची. रोज वाचायची. पाठ असलेली अक्षरं माणूस पुन्हा का वाचतो हो? परदेशी लेक असलेल्यांना विचारा. मनात तिच्या काय चालायचं, ते मी माझ्या शब्दांत गाते —

*गाडी माझ्या गावा गेली, मीच फलाटी राहिले*
*पाटी वाचता वाचता, डोळे भरून वाहिले*

म्हणा माझ्याबरोबर! ... हं. अजून एकदा. ... छान.

आता त्या मुक्कामी गाडीवर कंडक्टर होते निवृत्ती खरात. त्यांचा गुन्हा काय? मीटिंगमध्ये एवढंच विचारलं, "साहेब, दर दिवाळीला आम्हीच का?" झालं! मुक्कामी!

संजीवनी रोज त्यांच्या हातात एक डबा द्यायची. लेकीसाठी. कधी शेंगदाण्याचा लाडू, कधी गुळाची पोळी. "भाऊ, एवढं द्या." "देतो ताई." बस्स. जास्त बोलणं नाही. तिला वाटायचं, हे साहेबांना सांगतील. त्यांना वाटायचं, ही साहेबांची माणूस! एका डब्याच्या दोन बाजूंना दोन माणसं, आणि मधे भीती.

सकाळी, हिची पहिली फेरी होऊन आली की, डबा परत यायचा. रिकामा नाही हं! जाई त्यात काहीबाही भरायची. बोरं. चिमणीचं पीस. एकदा चक्क ओली माती! संजीवनी ती माती हुंगायची. जिल्ह्याच्या गाडीत, तिकिटं फाडता फाडता, डब्याचं झाकण किलकिलं करून हुंगायची. एक म्हातारा प्रवासी म्हणाला, "काय बाई, भाजी आंबली का?"

हसू नका हो... बरं, हसा. तीही हसली होती.

आणि एके सकाळी डबा भरलेला परत आला. लाडू तसेच. संजीवनी तशीच खरातांच्या मागं धावली.

"भाऊ! बरी आहे ना पोर?"

"बरी आहे, ताई. रोजच्यासारखी वडाखाली उभी होती. गाडी आली की दाराकडं बघते. उतरणारं माणूस न् माणूस बघते. शेवटी मी उतरतो, मग तिचं तोंड असं होतं... काल म्हणाली, काका, डबा नको. यात आई मावत नाही."

मंडळी... पाणी प्यायला थांबले असं समजा.

संजीवनीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा डेपोत खरं बोलली. "भाऊ, तुमची शिक्षा मला हवीय हो!"

खरात म्हणाले, "म्हणजे तुम्हाला... अहो ताई, मला तुमची हवीय! माझे वडील अंथरुणाला खिळलेत. बायको घास भरवते, तर ओठ मिटून दाराकडं बघत राहतात. माझ्या हातनं एवढीशी पेज जाते पोटात. आणि मी रोज संध्याकाळी डोंगरात!"

बघा! एक पोर गाडीच्या दाराकडं बघतेय, एक म्हातारा घराच्या दाराकडं. आणि दोन्ही दारांतून नको तेच माणूस येतंय! का? कुणी दुष्ट होतं म्हणून? नाही. कुणी बोललं नाही म्हणून.

दोघं गेले साहेबांकडं. आनंदात गेले हो! आम्ही आपसांत बदलतो, कुणाचं काही जात नाही.

नाईकनवरेसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे मुक्कामी तुम्हाला हवी आहे? मग ती शिक्षा कसली राहिली? उद्या उठून सगळेच मागतील! खरात, तुम्ही पलीकडच्या घाटातली मुक्कामी घ्या. आणि ताई, तुम्ही जिल्ह्याचीच गाडी चालू ठेवा. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

गेलं! डबासुद्धा गेला! करंजखोलला आता रोज नवा माणूस, डबा द्यायचा कुणाकडं? आणि सगळा डेपो म्हणाला, "बघितलंत? बोलले, आणि भोगलं!" ज्या जागेत बोलणाऱ्याचं असं होतं, तिथं गप्प बसणाऱ्याला शहाणा म्हणतात. आपल्या ओळखीची आहे ना अशी जागा? नावं नका घेऊ! शाळा, पतपेढी, मंडळ... मी काहीच म्हटलं नाही!

आणि दसरा आला. त्या डेपोची एक रीत होती. दसऱ्याला सगळ्या गाड्यांच्या पाट्या उतरवायच्या, धुवायच्या, देवीच्या तसबिरीपुढं मांडायच्या. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, आरती. मग ज्याची जी ड्युटी, त्यानं ती पाटी उचलायची, गाडीला लावायची. सगळी गावं देवीच्या पायाशी, ओळीनं! जिल्ह्याहून मोठ्या मॅडम, नाईकनवरेंच्याही वरच्या साहेब, पूजेला आल्या होत्या. आरती झाली. पेढे वाटले. नाईकनवरे म्हणाले, "चला, पाट्या उचला!"

संजीवनी पुढं झाली. जिल्ह्याची पाटी तिथं, समोरच. ती ओलांडली. वाकली. आणि करंजखोलची पाटी उचलून छातीशी धरली! साडीला ओलं कुंकू लागलं.

"ताई, ती तुमची नाही."

"माझीच आहे साहेब. माझी लेक आहे तिथं. मला माझं गाव हवंय."

एवढंच! ओरडली नाही. पण पाटी सोडली नाही!

पेढा तोंडात, चावायचं कुणाला सुचेना. मग खरात पुढं आले, जिल्ह्याची पाटी उचलली. "माझे वडील वाट बघतात." मग कोपऱ्यातले एक रिटायरला आलेले ड्रायव्हर, त्यांनी नदीकाठची पाटी घेतली. "घाटात आता डोळे दिपतात माझे. सांगायची लाज वाटत होती." मग एकजण म्हणाला, "द्या इकडं तो घाट! मला घाटच आवडतो, राव!" आणि पाट्या भराभर उचलल्या गेल्या! एका पाटीला दोघं लोंबकळले, तर तिथल्या तिथं ठरलं — एक आठवडा तू, एक मी. भांडण नाही! सगळा डेपो इतकी वर्षं दुसऱ्याच्या गाडीत बसला होता, मंडळी!

नाईकनवरे मॅडमकडं बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "गाड्या वेळेवर सुटतील ना?" "सुटतील मॅडम!" सगळा डेपो बोलला. "मग सुटू द्या."

त्या संध्याकाळी करंजखोलच्या वडाखाली गाडी थांबली. जाई उभी. एकेक माणूस बघतेय. सगळ्यांत शेवटी संजीवनी उतरली.

पोर धावली का? नाही. बघत राहिली. मग हळूच विचारलं, "डबा?"

"नाही आणला गं."

जाईनं विचार केला. "मग तू राहणार?"

"राहणार."

राहिली ती. रोज राहिली. पण पहिल्या संध्याकाळी जेवण झाल्यावर झोप आली, तेव्हा पोर सवयीनं कुणाच्या मांडीवर गेली? थोरल्या जावेच्या. संजीवनी शेजारी बसून राहिली, हात पुढं करून. जाऊ हळूच म्हणाली, "येईल गं. वेळ लागेल." आली. वेळ लागला. पण भीतीत गेलेले ते दिवस, मंडळी, ते कुठल्या गाडीनं परत यायचे?

*गाडी माझ्या गावा गेली, मीच फलाटी राहिले...*

आता माझा प्रश्न तुमच्याकडं परत. सात दिवस झाले, आपल्या सप्ताहात ही वीणा उभी आहे. खाली टेकू दिलेली नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, पाळीपाळीनं. सगळ्या पाळ्या पुरुषांच्या. का? कुणी नाही म्हटलं? अध्यक्षकाका मान हलवतायत — आम्ही कधी नाही म्हटलंच नाही! खरंय काका. कुणी मागितलंच नाही.

म्हणून मी आता थांबते. पुढचं कीर्तन बंद. खांबाच्या पलीकडच्या मावश्यांनो, तुम्हाला काय हवंय? मोठ्यानं.

...

टाळ थांबवा जरा.

...

कोण? कोण बोललं? पुन्हा बोला, पुढं ऐकू नाही आलं.

सगुणाकाकू! वीणा हवीय? कधीपासून?... लग्न होऊन या गावात आल्यापासून?

अध्यक्षकाका, उठा की. ते पंख्याखालचे दादा, तुम्हीही पाय आवरा.

वाट द्या. काकू येतायत.