भिंतीवरचा खाते क्रमांक

कोरियातल्या बुसान शहरात, बाजारातल्या बँकेत मी टोकन घेऊन बसले होते. शेजारी किमचीच्या, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याच्या दुकानाची मालकीण ओकबुन आणि तिच्याच गल्लीत मासे विकणारी मिरान. ओकबुनचा आवाज काउंटरपर्यंत पोचत होता.

"आमच्या यांनी आपल्या धाकट्या भावाच्या घराच्या डिपॉझिटला दिले म्हणे! माझे कोबीचे पैसे!"

"ताई, हळू बोल."

"हळू कशाला? ऐन हंगामात उद्या कोबीचा ट्रक दारात येईल. त्याला काय देऊ, मुळा?"

"पण दुकान तुझं, पैसे त्यांच्या खात्यात गेले कसे?"

"गिऱ्हाईक मोबाइलवरून पाठवतं ना. भिंतीवर नंबर लावलाय, त्यावर."

"नंबर कुणाचा?"

"यांचा."

"लावला कुणी?"

"मीच! चांगल्या ठळक अक्षरात. घरच्या पुरुषाचं नाव दिसलं की शोभतं म्हणून."

"म्हणजे इतकी वर्षं किमची तू कालवलीस आणि गल्ला आपल्या हातानं त्यांच्या खिशात घातलास. आता त्यांना चोर कसं म्हणशील?"

"म्हणणारच! आणि मला मूर्ख मी म्हणेन, तू नाही."

"बरं बाई. फोन वाजतोय बघ तुझा."

"हॅलो? बँकेत आहे. खातं उघडतेय. कुणाच्या नावानं म्हणजे? माझ्या! भिंतीवरचा तो कागद आत्ताच्या आत्ता फाडा. आणि ऐका, उद्याचा ट्रक तुमच्या भावाच्या नव्या घरी पाठवतेय. पैसे तिथं आहेत ना, मग कोबीही तिथंच उतरू दे."